दंत महाविद्यालयांनी रुग्णसंख्या जाहीर केली पाहिजे

नीटचा निकाल लागला की माझ्या लालबागच्या दवाखान्यात संध्याकाळच्या शेवटच्या रुग्णानंतर काही पालक येऊन थांबू लागतात. त्यांना दात दाखवायचे नसतात. मुलाला किंवा मुलीला एमबीबीएसला जागा मिळण्याइतके गुण नसतात, बीडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीला, मिळेल असे दिसत असते, आणि पसंतीक्रम भरण्याची मुदत दोन-तीन दिवसांवर आलेली असते. गेल्या वर्षी भांडुपहून एक गृहस्थ आले होते. मुलीच्या जुन्या वहीच्या मधल्या जोडपानावर त्यांनी पट्टीने रेघा मारून तक्ता केला होता. डावीकडे महाविद्यालयांची नावे होती आणि पुढे तीन रकाने होते: मागच्या वर्षीचा कटऑफ, वर्षाची फी आणि ‘नाव कसे आहे’. शेवटच्या रकान्यात ओळखीपाळखीच्यांना विचारून ‘उत्तम’, ‘बरे’, ‘ऐकलेले नाही’ असे शेरे लिहिले होते. इतक्या काळजीने केलेला तक्ता पाहून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. पण ज्या गोष्टीवर दंतवैद्य घडतो, तिला त्यात जागाच नव्हती. मी विचारले, “यांच्याकडे रोज रुग्ण किती येतात?” ते म्हणाले, “ते कुठे कळतं, डॉक्टर?”

त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्या रात्री मी स्वतः तासभर वेगवेगळ्या महाविद्यालयांची संकेतस्थळे चाळली. इमारती, प्रयोगशाळा, स्नेहसंमेलने आणि परिषदांची छायाचित्रे भरपूर होती, क्वचित ‘दररोज असंख्य रुग्णांवर उपचार’ असे मोघम वाक्यही होते. परंतु कोणत्या विभागात वर्षभरात किती रुग्ण आले आणि एका विद्यार्थ्याच्या वाट्याला त्यांतले किती आले, याचा आकडा मला मिळाला नाही. हा आकडा प्रत्येक दंत महाविद्यालयाने दरवर्षी जाहीर करावा आणि प्रवेशाच्या पसंतीक्रमाच्या अर्जावरच तो दिसावा, असे माझे मत आहे. ज्या तीन मापांनी आपण आज महाविद्यालये मोजतो, ती मापे या एका मापाची उणीव भरून काढत नाहीत.

कटऑफपासून सुरुवात करतो, कारण पालकांचा सर्वाधिक भरवसा त्याच्यावर असतो. खुल्या प्रवर्गासाठी नीटचा पात्रता गुणांक २०२३ मध्ये ७२० पैकी १३७ होता, २०२४ मध्ये तो १६२ झाला आणि २०२५ मध्ये १४४ वर आला. २०२४ मध्ये पैकीच्या पैकी गुण मिळवणारे विद्यार्थी एकाहून अधिक होते, तर २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. प्रश्नपत्रिका सोपी की अवघड, यावर गुण इतके हलत असताना ‘मागच्या वर्षी तिथे अमुक गुणांना प्रवेश मिळाला’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. गुणांऐवजी गुणानुक्रमांक पाहावा, पहिल्या फेरीचा आणि शेवटच्या फेरीचा वेगवेगळा पाहावा, आपल्या प्रवर्गाचा पाहावा. एवढे पालकांना सांगितले की ते बहुधा लगेच समजून घेतात.

त्यांना समजावणे अवघड जाते ते पुढचे. कटऑफ हा रांगेचा आकडा आहे. रांग कशासाठी लागली आहे, हे तो सांगत नाही. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय यांच्या जागा सर्वांत आधी भरतात. त्यामागे या संस्थांची पुण्याई आहेच. पण शुल्क कमी आहे हे त्याहून मोठे कारण आहे, आणि एमबीबीएसची जागा थोडक्यात हुकलेले विद्यार्थी इथे येतात हे तिसरे. त्यांतले काही पुढच्या वर्षी पुन्हा नीट देऊन निघूनही जातात. म्हणजे दंत महाविद्यालयाच्या कटऑफमध्ये एमबीबीएसच्या जागांची टंचाईही मिसळलेली असते. दुसरे उदाहरण २०२० चे आहे. त्या वर्षी राज्य सरकारने वैद्यकीय प्रवेशांतील ७०:३० हे विभागनिहाय सूत्र रद्द केले आणि मराठवाडा, विदर्भ व उर्वरित महाराष्ट्र यांच्यामधल्या भिंती काढून टाकल्या. तो निर्णय योग्य होता की नव्हता हा वेगळा विषय आहे. त्या एका निर्णयाने मुंबईतल्या जागांसाठीची रांग बदलली, पण तिथले शिक्षक, तिथल्या खुर्च्या आणि तिथले रुग्ण होते तेच राहिले.

रांगेचे दुसरे टोकही पाहण्यासारखे आहे. २०२०-२१ या वर्षी देशात बीडीएसच्या प्रथम वर्षाच्या सुमारे ७,००० जागा रिकाम्या होत्या. पात्रतेचा पर्सेंटाइल खाली आणावा, अशी शिफारस भारतीय दंत परिषदेने केली होती आणि केंद्र सरकारने ती नाकारली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्या वर्षापुरता पर्सेंटाइल दहाने कमी करायला लावला. त्याच निकालात न्यायालयाने खासगी दंत महाविद्यालयांच्या व्यवस्थापनांना शुल्क कमी करण्याचा विचार करायलाही सांगितले होते. त्या निकालातून सर्वांच्या लक्षात राहिला तो पर्सेंटाइल. शुल्काबद्दलचे ते वाक्य मला आजही अधिक महत्त्वाचे वाटते, कारण जागा रिकाम्या का राहतात याचे उत्तर त्यात होते.

शुल्काच्या बाबतीत महाराष्ट्रातली स्थिती इतर काही राज्यांपेक्षा बरी आहे, हे मान्य केले पाहिजे. कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९८७ मध्येच झाला. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्याखालचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते संकेतस्थळावर पाहता येते. अभिमत विद्यापीठे या चौकटीबाहेर आहेत. नवी मुंबईतली डी. वाय. पाटील आणि भारती विद्यापीठ यांची दंत महाविद्यालये अभिमत विद्यापीठांची आहेत. अशा संस्थांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाकडून न होता दिल्लीच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडून होतात. पालकांची पुष्कळदा इथेच गफलत होते. शिक्षण शुल्काच्या सवलती प्रामुख्याने राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची निम्म्या शुल्काची सवलत, तसेच ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मिळालेली पूर्ण शुल्कमाफी, या दोन्ही अभिमत विद्यापीठात किंवा संस्था स्तरावरच्या कोट्यात मिळत नाहीत. मुलीच्या बाबतीत हा फरक इतका मोठा आहे की एकाच गावातल्या, शेजारशेजारच्या दोन महाविद्यालयांपैकी एक जवळजवळ फुकट आणि दुसरे घर गहाण टाकायला लावणारे ठरू शकते.

तक्त्यातल्या ‘वर्षाची फी’ या रकान्यात खर्च पूर्ण उतरत नाही. समजा एखाद्या महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला ३ लाख आहे. चार शैक्षणिक वर्षांचे १२ लाख झाले. त्यात वसतिगृह आणि खानावळ मिळवा. त्यानंतर हत्यारे येतात: पहिल्या वर्षी मेणाचा दात कोरायच्या सुऱ्या, दुसऱ्या वर्षी मायक्रोमोटर, आर्टिक्युलेटर, कृत्रिम दातांचे जबडे, तिसऱ्या वर्षापासून तपासणीचे संच, रूट कॅनॉलच्या फाइल्स आणि कितीतरी बारीकसारीक सामान. काही महाविद्यालये यांतले बरेच स्वतः पुरवतात, काही सगळे विद्यार्थ्याला विकत घ्यायला लावतात, आणि शुल्काच्या आकड्यावरून हे ओळखता येत नाही. पाचवे वर्ष इंटर्नशिपचे. त्यात विद्यावेतन मिळायला हवे. शासकीय व पालिका महाविद्यालयांत ते मिळते, आणि काही खासगी ठिकाणी ते नुसते कागदावर असते ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे. शिकून बाहेर पडलेला नवा बीडीएस मुंबईत दुसऱ्याच्या दवाखान्यात लागला, तर माझ्या पाहण्यात त्याला सुरुवातीला महिना वीस-पंचवीस हजारांच्या पुढे क्वचितच मिळतात. त्यावर कर्जाचे हप्ते, आणि स्वतःचा दवाखाना थाटायचा तर जागेची अनामत व डेंटल चेअर. हा हिशेब वहीत मांडल्यावर पालक गप्प होतात. म्हणून मी तो आधी मांडतो.

नावाबद्दल थोडे लिहितो. देशातले पहिले दंत महाविद्यालय १९२० मध्ये कोलकात्यात डॉ. आर. अहमद यांनी सुरू केले. मुंबईत नायरची परंपरा १९३० च्या दशकातली आहे. अशा संस्थांचे नाव पिढ्यान्‌पिढ्यांच्या डॉक्टरांच्या हातांतून पसरले, त्यामुळे त्या नावामागे काहीतरी खरे आहे. त्याच्या जोडीला २०२० पासून राष्ट्रीय क्रमवारी चौकटीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, दंत महाविद्यालयांचा वेगळा विभाग सुरू झाला. त्या क्रमवारीचे पाच मुख्य निकष आहेत: अध्यापन आणि साधने, संशोधन आणि व्यावसायिक काम, पदवीनंतरची फलनिष्पत्ती, समावेशकता आणि लोकांच्या मनातील प्रतिमा. पहिल्या दोहोंना प्रत्येकी ३० टक्के भार आहे. विद्यार्थ्याने चार-पाच वर्षांत स्वतःच्या हाताने किती दाढा काढल्या आणि किती कवळ्या बसवल्या, यासाठी पाच मुख्य निकषांत वेगळी जागा नाही, तर शोधनिबंधांना मात्र मोठा भाव आहे. २०२३ मध्ये एका नामांकित विज्ञान नियतकालिकाने दक्षिणेतल्या एका दंत महाविद्यालयाच्या शोधनिबंधांत आपल्याच संस्थेच्या निबंधांचे संदर्भ मोठ्या प्रमाणात देण्याची पद्धत कशी रुजली होती आणि त्याचा क्रमवारीशी काय संबंध असू शकतो, याबद्दल सविस्तर लिहिले होते. जे मोजले जाते ते वाढवण्याकडे संस्थांचा कल होतो, हे त्यातून मला दिसले. मग जे मोजायला हवे तेच मोजावे, एवढा सरळ निष्कर्ष मी काढतो. शिवाय आता या क्रमवारीला पैसेही जोडले गेले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची योजना क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या संस्थांसाठी आहे; सुरुवातीला अशा संस्था ८६० होत्या. क्रमवारीत नसलेल्या, पण उत्तम शिकवणाऱ्या एखाद्या महाविद्यालयातल्या गरीब विद्यार्थ्याला त्या कर्जाची दारे बंद राहतात.

आता तक्त्यात नसलेल्या चौथ्या, रुग्णसंख्येच्या रकान्याकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

बीडीएसच्या पहिल्या वर्षी विद्यार्थी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरतो. दुसऱ्या वर्षी कृत्रिम डोक्याच्या तोंडात बसवलेल्या दातांवर काम करतो. तिसऱ्या वर्षी खुर्चीवर पहिले माणूस येऊन बसते, आणि तिथून पुढे पुस्तकाला मर्यादा पडतात. खालच्या जबड्याची दाढ काढण्यापूर्वी बधिरतेचे इंजेक्शन द्यावे लागते. आकृतीत सुई कुठे जाते हे प्रत्येक विद्यार्थी बिनचूक सांगतो. प्रत्यक्षात गालाच्या आतली मऊ बाजू बोटाने ताणून धरायची, सुई आत न्यायची आणि तिचे टोक हाडाला हलकेच टेकल्याचे बोटांना जाणवले की ती किंचित मागे घ्यायची. त्यानंतर सिरिंजमध्ये रक्त येत नाही ना, हे पाहून मगच औषध सोडायचे. हाड लागल्याची ती जाणीव पहिल्या दहा रुग्णांत हाताला ओळखू येत नाही. विसाव्या-तिसाव्या रुग्णाच्या सुमाराला ती ओळखीची होते, आणि एकदा झाली की आयुष्यभर सोबत राहते. दाढ चिमट्यात धरून गालाच्या आणि जिभेच्या बाजूला आळीपाळीने रेटताना भोवतालचे हाड हळूहळू सैल होत जाते. कुठे थांबायचे आणि कुठे जोर वाढवायचा हे मनगट ठरवते. जोर चुकला तर मूळ आत तुटते, आणि पाच मिनिटांचे काम तासाभराचे होते.

कवळीचे शिक्षण याहून दीर्घ आहे. सगळे दात गेलेला एक म्हातारा माणूस एका पूर्ण कवळीसाठी पाच-सहा वेळा यावा लागतो. पहिले माप, मग त्या तोंडापुरता बनवलेला ट्रे, हिरव्या कांडीचे कंपाउंड स्पिरिटच्या दिव्यावर मऊ करून ओठ-गालांच्या हालचालीनुसार घेतलेल्या कडा, अंतिम माप, दोन्ही जबड्यांचा संबंध, मेणात बसवलेल्या दातांची चाचणी, आणि शेवटी कवळी. त्यानंतर ती टोचते म्हणून त्याचे पुन्हा येणे. यांतली एक फेरी हुकली तर विद्यार्थ्याची केस अर्धवट राहते. कसाऱ्याहून किंवा कर्जतहून पहाटेची लोकल पकडून आजोबा सहा वेळा येतात, कारण बाहेर कवळीला जे पैसे पडतात ते त्यांच्याकडे नसतात. सार्वजनिक दंत रुग्णालयांचे खरे धन हे आहे. मध्य, पश्चिम आणि हार्बर या तिन्ही मार्गांनी माणसे तिथे पोचू शकतात आणि खर्च परवडतो, म्हणून सकाळी केस पेपरच्या खिडकीपुढे रांग लागते. त्या रांगेत मावा आणि गुटख्याने तोंड आक्रसलेले, दोन बोटेसुद्धा आत जात नाहीत असे तिशीतले तरुण असतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरीही असे तोंड आजही आमच्या पाहण्यात येते, आणि असा रुग्ण ज्या विद्यार्थ्याने शिकताना एकदाही तपासलेला नाही तो पुढे कर्करोगाची पहिली खूण पाहूनही ओळखणार नाही, ही भीती मला खरोखर वाटते.

याउलट ज्या महाविद्यालयाभोवती वस्ती विरळ आहे किंवा जिथले उपचारांचे दर बाहेरच्या दवाखान्यांच्या जवळ जातात, तिथे विद्यार्थी रुग्णाची वाट पाहत बसतो. अमुक इतके दात काढले, अमुक इतके फिलिंग केले, अमुक इतक्या कवळ्या दिल्या, असा प्रत्येकाचा ठरलेला कोटा असतो, आणि तो पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेची वाट मोकळी होत नाही. मग मामा, आत्या, इमारतीचा वॉचमन, वसतिगृहाजवळचा चहावाला असे कुणी कुणी गाठून आणले जातात. त्यांचे रिक्षाभाडे, जेवण आणि कधीकधी उपचाराचा खर्चही विद्यार्थी देतो. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी कामाला आलेल्या एका इंटर्नशिप संपलेल्या मुलीने पहिल्याच आठवड्यात खालची दाढ काढताना चिमटा असा धरला होता की तिच्या हाताला त्याची सवय नाही हे मला दुरूनच कळले. मी बाजूला घेऊन विचारले तेव्हा तिने खाली पाहत सांगितले की पाच वर्षांत तिने स्वतः पूर्ण काढलेल्या दाढा दोन आकडी नव्हत्या. मुलगी हुशार होती आणि तिची गुणपत्रिका माझ्यापेक्षा चांगली होती. महाविद्यालयाचे नाव मी इथे लिहिणार नाही. तिच्या आईवडिलांनी त्या पाच वर्षांसाठी जे पैसे भरले होते ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

हिशेब साधा आहे. एका तुकडीत १०० विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयात तिसरे वर्ष, चौथे वर्ष आणि इंटर्न मिळून ३०० हात रुग्णांची वाट पाहत असतात, आणि जिथे एमडीएस आहे तिथे नऊ शाखांतले पदव्युत्तर विद्यार्थी वेगळे. समजा दिवसाला १५० नवे रुग्ण आले आणि त्यांतले निम्मे नुसते दाखवून किंवा दात साफ करून गेले, तर उरलेल्या ७५ जणांची वाटणी या सगळ्यांत होते. त्यातही अवघड आणि शिकण्याजोग्या केसेस पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे जातात. नेरूळपासून कामोठ्यापर्यंत दंत महाविद्यालये एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की त्याच परिसरातला रुग्ण त्यांच्यात विभागला जात असणार. पनवेल, उरण आणि कर्जतकडची वाढती वस्ती लक्षात घेता तिथे रुग्ण भरपूर असणेही शक्य आहे. काय खरे आहे हे आकड्यांवाचून पालकांनी कसे ठरवावे? ज्यांची ओपीडी चांगली चालते त्या खासगी महाविद्यालयांचे यात सर्वाधिक नुकसान होते, कारण त्यांचे चांगले काम कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

आकडे जाहीर करायला लावले तर महाविद्यालये ते फुगवतील, हा आक्षेप मी सहकाऱ्यांकडून अनेकदा ऐकला आहे. तपासणीच्या दिवशी एकाएकी गजबजणाऱ्या ओपीडीच्या गोष्टी दंतवैद्यकात सगळ्यांनीच ऐकलेल्या असतात, तेव्हा आक्षेप निराधार नाही. पण आज तेच आकडे बंद पाकिटातून तपासनिसांकडे जातात, आणि ते खोटे आहेत हे ज्यांना पहिल्या नजरेत कळेल ते विद्यार्थी ते कधी पाहतच नाहीत. जाहीर झालेला आकडा तिथे शिकणारे विद्यार्थी रोजच्या अनुभवाशी ताडून पाहतील. वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये रुग्णांची नोंद आभा क्रमांकाशी, म्हणजे त्यांच्या डिजिटल आरोग्य-ओळखीशी, जोडण्याचा मार्ग राष्ट्रीय वैद्यक आयोगाने धरलेलाच आहे. दंत महाविद्यालयांना तो लागू करण्यात तांत्रिक अडचण असू नये. प्रत्येक विद्यार्थ्याची शिक्षकाच्या सहीनिशी भरलेली नोंदवहीही असतेच. तुकडीतल्या सगळ्यांच्या नोंदवह्या एकत्र पाहून मध्यम, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या, विद्यार्थ्याने किती केले, हे सांगायला महाविद्यालयाला एका कारकुनाचे आठवडाभराचे काम पुरेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी पूर्णपणे खोडू शकत नाही. गर्दी म्हणजे शिक्षण नव्हे. मी ज्या महाविद्यालयात शिकलो तिथे रुग्णांची कमतरता कधीच नव्हती, पण एकेका शिक्षकामागे इतके विद्यार्थी असत की आमच्या कितीतरी चुका कुणी दाखवून दिल्याच नाहीत, आणि त्या मला पुढे स्वतःच्या दवाखान्यात रुग्णांच्या वेदनेतून कळल्या. शिक्षकांची पदे रिकामी राहिली की सार्वजनिक महाविद्यालयातला रुग्णांचा ओघही वाया जातो. म्हणून रुग्णसंख्येच्या शेजारी प्रत्यक्ष कार्यरत असलेल्या शिक्षकांची संख्या हवी, आणि रुग्णसंख्याही एकगठ्ठा न देता उपचारवार हवी. दात साफ करण्याच्या हजार नोंदींनी रूट कॅनॉलच्या दहा नोंदींची उणीव झाकली जाऊ नये.

रुग्णांकडे शिकण्याचे साधन म्हणून पाहणे योग्य आहे का, असेही एका ज्येष्ठ बाईंनी मला विचारले होते. मला वाटते, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःला विचारावा. पण त्याचे उत्तर रुग्णांपासून विद्यार्थ्याला दूर ठेवण्यात नाही. ज्याने शिक्षकाच्या नजरेखाली पुरेसे दात काढलेले नाहीत, तो पदवीनंतर कुणाच्याही नजरेखाली नसताना ते काढणार आहे, आणि त्याची ती पहिली दाढ कुणाच्या तरी आईची किंवा भावाची असणार आहे. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी पुरेसे दात काढलेल्याला आणि न काढलेल्याला सारखीच मिळते. भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रातून रुग्णाला यांतले काही कळण्याचा मार्ग नाही.

बदल करण्याची संधी आत्ताच आहे. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. त्या कायद्यात दंत महाविद्यालयांचे मूल्यांकन आणि मानांकन करणारे स्वतंत्र मंडळ आहे, आणि खासगी व अभिमत संस्थांतल्या निम्म्या जागांच्या शुल्काबाबत मार्गदर्शक तत्त्वे ठरवण्याचा अधिकारही आयोगाला आहे. या मंडळाने मानांकनाची पद्धत ठरवताना विद्यार्थ्यामागे उपचारांची संख्या हा पहिला निकष ठेवला, तर शोधनिबंध मोजणाऱ्या क्रमवारीला एक भक्कम पर्याय उभा राहील. महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांकडून ही माहिती मागवू शकते. सीईटी कक्ष पसंतीक्रमाच्या अर्जावर प्रत्येक महाविद्यालयाच्या नावापुढे चार वर्षांचे एकूण शुल्क, हत्यारांचा अंदाजे खर्च, प्रत्यक्ष दिलेले विद्यावेतन, मागच्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागा आणि मध्यम विद्यार्थ्याने केलेले उपचार असे पाच आकडे दाखवू शकतो. शुल्क नियामक प्राधिकरणाने शुल्क मंजूर करताना हेच आकडे समोर ठेवले, तर ज्या ठिकाणी रुग्ण नाहीत त्या ठिकाणी क्लिनिकल प्रशिक्षणाच्या नावाने शुल्क वाढवून घेणे अवघड जाईल.

तोवर माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी एकच काम सांगतो. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, मुलाला घेऊन त्या महाविद्यालयाच्या ओपीडीत जावे आणि बाकावर दोन तास बसावे. नोंदणीच्या खिडकीवर किती माणसे येतात ते मोजावे, खुर्च्यांवरचे दिवे किती लागलेले आहेत ते पाहावे, तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुले काम करत आहेत की मोबाइल घेऊन उभी आहेत हे पाहावे, आणि जमले तर एखाद्या इंटर्नला चहा पाजून त्याने आजवर किती दाढा काढल्या ते विचारावे.

भांडुपचे ते गृहस्थ दोन दिवसांत तीन महाविद्यालयांत जाऊन आले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी वही माझ्यापुढे उघडली. उजवीकडच्या समासात त्यांनी हाताने एक वाकडी रेघ ओढून चौथा रकाना केला होता आणि त्यात तीन आकडे लिहिले होते: ४१, १३०, १२. ज्या महाविद्यालयापुढे १२ होते, त्याच्यापुढे तिसऱ्या रकान्यात ‘उत्तम’ असा शेरा होता. त्यांनी तो खोडला नव्हता, फक्त पसंतीक्रमात ते नाव खाली नेले होते. मुलगी आता पहिल्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात वडिलांच्या दाढेसाठी सोबत आली तेव्हा तिच्या नखांत पांढरे मेण अडकलेले होते, आणि खुर्चीशेजारी उभी राहून ती माझा चिमटा कसा फिरतो ते टक लावून पाहत होती.